खोगिरांच्या खोलीत प्लग किती?

(तंजावर येथे वायरमन व वीज-कामगारांच्या अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून या वर्गात पगार, ठेकेदारी आणि पेन्शन यांवर बोलणे झाले. जेवणाआधीचा शेवटचा तास आमच्या वाट्याला आला आहे आणि विषय आहे घोड्यांच्या पागेतल्या सामानखोलीत विजेचे पॉइंट कसे ठरवायचे हा. विषय वाचल्यावर काही साथी हसले. युनियनच्या व्यासपीठावर घोड्याचे काय काम, असेही कुणी म्हणाले. पण हा विषय आम्ही उकरून काढलेला नाही. तुमच्यातल्याच एका वायरमन साथीला असे काम आले आहे आणि त्याने चिठ्ठीवर लिहून विचारले आहे की, नकाशात त्या खोलीला एकच बोर्ड दाखवला आहे, तो पुरेल का? आमच्या मते हा प्रश्न पगाराच्या प्रश्नाइतकाच युनियनचा आहे. का, ते शेवटपर्यंत ऐकल्यावर तुमच्या लक्षात येईल.

तंजावरला घोडा नवा नाही आणि मराठीही नवी नाही. १८५५ पर्यंत सुमारे एकशेऐंशी वर्षे इथे भोसल्यांचे राज्य होते. मोठ्या देवळाच्या भिंतीवर त्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. सरस्वती महाल ग्रंथालयाने नकुलाच्या नावावर चालत आलेले ‘अश्वशास्त्र’ १९५२ साली छापून काढले. आसपासच्या गावांत अय्यनारच्या देवळापुढे मातीचे मोठमोठे घोडे उभे असतात. सणासुदीला इथले कलावंत कमरेला नकली घोडा बांधून पोय्क्काल कुदिरै नाचतात. मातीच्या आणि नकली घोड्याला अर्थिंग लागत नाही. जिवंत घोड्याला लागते, आणि त्याच्याजवळ दिवसरात्र राहणाऱ्या माणसाला त्याहून जास्त लागते.

तर आधी ही खोली काय आहे ते पाहू. पागेत घोड्यांची ठाणी असतात, गवताची जागा असते आणि एक सामानखोली असते. तिच्यात खोगिरे, लगाम, रिकिबी, तंग, अंगावर घालायच्या झुली, खरारे, तोबरे, औषधांची पेटी असा सगळा जामानिमा राहतो. नकाशा काढणारा तिच्यावर ‘सामानखोली’ असे लिहितो आणि गोदामाला द्यावा तसा एक दिवा, एक बोर्ड देऊन मोकळा होतो. कागदावर ते बरोबरही दिसते. खोगिराला वीज कशाला हवी?

पण साथींनो, त्या खोलीत मोतद्दार असतो, ज्याला रेसकोर्सवर साईस म्हणतात. पुष्कळ पागांमध्ये तो त्याच खोलीत चहा करतो, जेवतो आणि रात्री तिथेच खाटेवर पडतो. रात्री घोड्याच्या पोटात दुखू लागले तर सर्वांत आधी त्यालाच कळले पाहिजे, म्हणून मालकालाही तो तिथेच हवा असतो. म्हणजे काम करताना खोली माणसाची आणि नकाशा काढताना खोगिराची, असा हा प्रकार आहे. जो माणूस नकाशात नाही त्याचा पंखा, त्याचा मोबाइल, त्याची डासांची मशीन यांतले काहीच नकाशात नसते.

मग काय होते? माणूस तर तिथे राहणारच. तो बाजारातून एक स्वस्त एक्स्टेंशन बोर्ड आणतो. त्याच एका प्लगावर पंखा, चार्जर आणि पाणी तापवायचा रॉड लागतो. वायर दारातून, खिळ्यावरून, ओल्या फरशीवरून जाते. पिन बसली नाही तर उघड्या तारा भोकांत घालून काडी खोचली जाते. पुढे अपघात झाला की कागदावर शेरा येतो, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. आम्ही म्हणतो, निष्काळजीपणा त्या दिवशी झालेला नाही. ज्या दिवशी खोलीला एकच पॉइंट काढला त्याच दिवशी तो झाला. जितके पॉइंट कमी, तितक्या लोंबत्या वायरी जास्त. आज एवढी एक गोष्ट तुमच्या मनात राहिली तरी आमचा तास कामी आला असे आम्ही समजू.

आता कामाकडे येऊ. पॉइंट ठरवायची आमची रीत सोपी आहे. टेप आणि खडू घ्या आणि प्लास्टर होण्यापूर्वी मोतद्दाराला बरोबर घेऊन खोलीत उभे राहा. प्लास्टर झाल्यावर विचारणे म्हणजे वरातीमागून घोडे. त्याला ‘प्लग किती हवेत’ असे विचारू नका, तो बिचारा संकोचाने ‘एक पुरे’ म्हणेल. ‘दादा, पहाटे उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तुम्ही काय काय करता’ असे विचारा. तो सांगत जाईल तसतसा भिंतीवर खडूने फुल्या मारत जा.

पहाटे चारला तो उठतो. दिवा हवा, आणि दिव्याचे बटण दारातून आत येताच हाताशी हवे. हातात तोबरा असताना अंधारात चाचपडत खोली ओलांडायची वेळ येऊ नये. मग चहा. विजेची किटली असेल तर तिला स्वतंत्र पॉइंट. मग खरारा. आता काही ठिकाणी केस कापायचे आणि धूळ ओढून घ्यायचे मशीन वापरतात. हे काम खोलीबाहेर, घोडा बांधून चालते. म्हणून एक पॉइंट दाराजवळ आतल्या बाजूला हवा, म्हणजे वायर खोलीभर फिरणार नाही आणि काम संपताच पिन काढून मशीन आत ठेवता येईल. दुपारी झुली आणि कापडे धुवायची. धुण्याचे मशीन असेल तर त्याचा पॉइंट नळापासून दूर आणि मशीनच्या पाठीमागे दडणार नाही असा. औषधांसाठी लहान फ्रिज असेल तर त्याचा पॉइंट वेगळा आणि त्याला कुणी सहज हात लावणार नाही असा हवा. घोड्याला धनुर्वाताचा धोका मोठा असतो आणि त्याची लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. मोबाइल लावायला कुणी फ्रिजची पिन काढली तर लस वाया जाते. संध्याकाळी बॅटरी आणि मोबाइल चार्ज करायला फळीजवळ दोन पॉइंट. रात्री खाटेच्या उशाशी पंखा आणि डासांचे मशीन.

परदेशी पुस्तकांत अशा खोलीत हीटर दाखवलेला असतो, कारण तिकडे थंडी. आपल्याकडे तंजावरला थंडीचा प्रश्न नाही, दमटपणाचा आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या परतीच्या पावसात चामड्यावर बुरशी धरते, टाके कुजतात, आणि तंग ऐन वेळी तुटला तर स्वार खाली येतो. म्हणून इथे हवा बाहेर फेकणारा पंखा हवा आणि त्याचे बटण वेगळे हवे. हवामान आपले आहे, तर यादीही आपलीच असली पाहिजे.

आता फुल्या मोजा. दहा-बारा फुटांच्या खोलीत सहा अँपियरचे सहा-सात आणि सोळा अँपियरचे दोन-तीन पॉइंट सहज भरतात. जुन्या साथींच्या तोंडी अजून पाच आणि पंधरा अँपियर आहे, ते हेच. ठेकेदार म्हणेल ही खोगीरभरती आहे. त्याला हिशेब दाखवा. किटली दीड हजार वॅटची. भागिले दोनशेतीस व्होल्ट, म्हणजे साडेसहा अँपियर. सहा अँपियरच्या सॉकेटला ती एकटीच जड झाली. त्याच बोर्डावर दीड हजाराचा रॉड लावला की तेरा अँपियर झाले. सॉकेट तापते, पत्ती सैल होते, सैल पत्तीत ठिणगी पडते, आणि शेजारी वाळले गवत असते. दिव्या-पंख्याला दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि सोळा अँपियरच्या पॉइंटला चारची, ही आपल्याकडची नेहमीची रीत आहे. ती सोडू नका. जड पॉइंटची सर्किटे वेगळी काढा आणि प्रत्येकाला त्याच्या वायरीला साजेशी एमसीबी द्या.

जागा ठरवताना चार गोष्टी पाहा. पहिली, उंची. हा कावेरीचा सखल मुलूख आहे, पाणी आत येऊ शकते आणि फरशी तर रोज धुतली जाते. सॉकेट जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर असू द्या. दुसरी, घोड्याचे तोंड. घोडा जिज्ञासू जनावर आहे, दिसेल ते चावून पाहतो आणि त्याची मान लांब असते. ठाणात सॉकेट नकोच आणि त्याच्या पोहोचेत वायरही नको. तिसरी, ओल. ज्या खुंट्यांवर भिजल्या झुली टांगतात त्यांच्या खाली आणि नळाच्या जवळ बोर्ड नको. चौथी, उंदीर आणि धूळ. जिथे दाणा तिथे उंदीर आणि उंदराला वायरीचे आवरण कुरतडायला आवडते. उघडी वायरिंग नको. वायर पाइपातून न्या, पाइप भिंतीत शिरतो ती भोके बुजवा, सॉकेटला झाकण असलेले, धूळ-पाणी अडवणारे डबे लावा. घोड्याचे केस आणि गवताचा भुगा उघड्या स्विचमध्ये साचतो आणि पेट घ्यायला तेवढे पुरते.

आता सर्वांत महत्त्वाचे. पुष्कळ ठिकाणी लोक सांगतात, ‘एमसीबी लावली आहे, काळजी नाही.’ साथींनो, एमसीबी वायरीला वाचवते. माणसाला वाचवते ती आरसीसीबी. तिचे काम कसे चालते ते मोतद्दारालाही समजेल अशा भाषेत सांगा. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. कमी आला, तर तो कुठेतरी गळतो आहे, कदाचित कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जातो आहे. ही गळती तीस मिलिअँपियरच्या आत धरून जी सेकंदाच्या लहानशा भागात लाइन तोडते, ती आरसीसीबी माणसांसाठी लावायची. तीस मिलिअँपियर म्हणजे एका अँपियरचा तेहतिसावा हिस्सा. सोळा अँपियरची एमसीबी एवढ्याशा करंटकडे ढुंकूनही पाहत नाही. माणूस मरून पडला तरी ती चालूच राहील.

आणि जिथे जनावर आहे तिथे हे दुप्पट खरे आहे. आपण चप्पल घालतो, घोड्याच्या पायात लोखंडी नाल असतात आणि तो ओल्या जमिनीवर उभा असतो. त्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत चार-पाच फुटांचे अंतर पडते. जमिनीत करंट उतरला असेल तर त्या दोन जागांमधला व्होल्टेज त्याच्या अंगातून वाहतो आणि वाटेत छाती असते. माणसाला नुसती झिणझिणी जाणवेल तिथे घोडा उधळतो, कोसळतो, आणि त्याच्या लगामाला धरून जो उभा आहे तो त्याच्याखाली सापडतो. म्हणून जनावरांच्या जागेसाठी आंतरराष्ट्रीय वीज मानकात वेगळा भाग आहे. बत्तीस अँपियरपर्यंतच्या सॉकेटांना तीस मिलिअँपियरचे संरक्षण द्यावे आणि जनावराच्या अंगाला लागतील असे लोखंडी गज, पाण्याचे पाइप, हौद हे सगळे एकमेकांना आणि अर्थला जोडावेत, असे त्यात सांगितले आहे. एकमेकांना जोडले की त्यांच्यात व्होल्टेजचा फरक राहत नाही, आणि फरक नसला की अंगातून करंट वाहायला कारण उरत नाही.

अर्थिंग म्हणजे तिसऱ्या भोकात हिरवी वायर खोचणे नव्हे. थ्री-पिनमधली अर्थची पिन मुद्दाम लांब केलेली असते. ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी, एवढाच त्यामागचा हेतू. ती पिन कापून टू-पिनमध्ये लावणे म्हणजे वाहन चालवायच्या आधी ब्रेक काढून ठेवणे. अर्थचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडतो. त्यात पाणी घालायचे काम कुणाचे, हे ठरवून भिंतीवर लिहा. काम संपल्यावर अर्थ मोजा आणि आकडा वहीत लिहा. आरसीसीबीचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायला मोतद्दाराला शिकवा. मात्र त्या बटणाने फक्त यंत्र चालते की नाही ते कळते, अर्थ चांगला आहे की नाही ते कळत नाही, हेही सांगा. आणि आरसीसीबी वारंवार पडते म्हणून ती काढून थेट जोडून द्या असे कुणी म्हणाले, तर करू नका. ती ओरडते आहे, तिचे तोंड बंद करू नका. गळती शोधा.

तंजावर जिल्ह्याला हे दुसऱ्याने शिकवायची गरज नाही. २७ एप्रिल २०२२ च्या पहाटे इथून जवळच कळिमेडू गावात देवाच्या रथाचा वरचा भाग उच्च दाबाच्या तारेला लागला आणि अकरा माणसे गेली. त्यात लहान मुले होती. त्यांच्या घरच्यांच्या दुःखावर आम्ही भाषण करणार नाही. एवढेच म्हणतो की, पागेत काम करताना मान वर करून पाहा. अंगणावरून तार जात असेल तर तिच्याखालून घोड्यावर बसलेला माणूस जाणार आहे, गवताने भरलेली गाडी जाणार आहे. ती उंची कागदावर नाही, जागेवर मोजा. शक्य असेल तिथे पागेपर्यंतची लाइन जमिनीखालून केबलने आणा.

१६ नोव्हेंबर २०१८ ला गज वादळ आले तेव्हा या भागात विजेचे खांब काडीसारखे मोडले आणि कित्येक गावांत दिवसेंदिवस अंधार होता. अशा वेळी लोक जनरेटर आणतात. पागेत तर पाण्याचा पंप हवाच, कारण घोडा पाण्यावाचून राहू शकत नाही. काही जण दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर थेट सॉकेटमध्ये लावतात. साथींनो, ही वायर म्हणजे फास आहे. तो करंट मेनमधून उलटा बाहेर जातो, ट्रान्सफॉर्मरवर त्याचा व्होल्टेज वाढतो, आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला लाइनमन मरतो. त्या वादळानंतर दूरदूरच्या जिल्ह्यांतून लाइनमन इथे आले, पावसात राबले. ते आपले भाऊ आहेत. म्हणून नकाशातच जनरेटरसाठी वेगळा इनलेट आणि चेंजओव्हर स्विच ठेवा. एका वेळी एकच लाइन जोडली जाईल, दोन्ही कधीच नाही.

आम्ही रेल्वेतले. पंचवीस हजार व्होल्टच्या तारेखाली आमचे लोक रोज काम करतात आणि त्या तारेचे नियम सगळे पाळतात, कारण तिची भीती असते. पण लहान खोलीतल्या दोनशेतीस व्होल्टची भीती कुणाला नसते. कर्मचाऱ्यांच्या एका विश्रांतीच्या खोलीत चार खाटा आणि एकच प्लग, तोही दारामागे, असे आम्ही पाहिले आहे. दार उघडले की पिन वाकायची. अर्ज केला तेव्हा उत्तर आले की मंजूर नकाशात एकच पॉइंट आहे. पुढे युनियनने तिथे राहणाऱ्यांकडूनच खडूने जागा आखून घेतल्या, पॉइंटची यादी सह्यांनिशी दिली आणि पाठपुरावा केला, तेव्हा काम झाले. पागेतल्या मोतद्दाराला तर युनियनही नसते. तो एकटा असतो, बऱ्याचदा परगावचा असतो, आणि मालकापुढे त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. त्याच्या वतीने बोलू शकेल असा त्या जागेवरचा एकच माणूस म्हणजे वायरिंग करणारा तुमच्यातला साथी.

म्हणून वायरमन साथींना आमचे सांगणे असे. मालकाला समजावताना दयेची भाषा वापरू नका, हिशेबाची वापरा. चार पॉइंट आणि एक आरसीसीबी यांचा खर्च एका चांगल्या खोगिराच्या किमतीपुढे काहीच नाही, घोड्याच्या किमतीपुढे तर नाहीच. बहुतेक मालक वाईट नसतात, त्यांना कुणी सांगितलेले नसते. तरीही कुणी अर्थिंगशिवाय लाइन चालू कर म्हणाला, तर नाही म्हणा. परवाना तुमचा आहे, सही तुमची आहे, उद्या चौकशीत नाव तुमचे येणार आहे. ‘नाही’ म्हणताना एकटे पडू नका, युनियनच्या कार्यालयात येऊन सांगा. एकट्या वायरमनचे ‘नाही’ म्हणजे गेलेले काम. सगळ्या वायरमननी मिळून म्हटलेले ‘नाही’ हा त्या गावचा नियम होतो.

शिवाय काम संपल्यावर एक कागद द्या. कोणता पॉइंट कोणत्या एमसीबीवर आहे, मेन कुठे आहे, अर्थचा आकडा किती आला, हे मोतद्दाराला वाचता येईल त्या भाषेत लिहून दाराच्या आत चिकटवा. तमिळ येत असेल तर तमिळ, हिंदी येत असेल तर हिंदी. वाचता येत नसेल तर चित्र काढा. आणि शॉक लागलेल्याला हाताने ओढायचे नाही, आधी मेन पाडायची, एवढे त्याला तोंडी समजावून, त्याच्या हाताने मेन एकदा पाडून दाखवायला लावा.

चिठ्ठी लिहिणाऱ्या साथीच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. एक बोर्ड पुरेल का? खोगिराला पुरेल. माणसाला पुरणार नाही. उद्या कामावर जाल तेव्हा नकाशा घडी करून खिशात ठेवा, खडू बाहेर काढा, आणि आधी त्या मोतद्दाराला शोधा.

 जेवणानंतरच्या तासाला प्रत्येकाने आपण सध्या करत असलेल्या एका कामाचा नकाशा आणावा. त्यातल्या कोणकोणत्या खोलीत माणूस राहतो आणि कागदावर दिसत नाही, ते आपण सगळे मिळून शोधू.